दोन अ क्ष

घणसोलीत तिसऱ्या मजल्यावर
तांडेल सर रात्री साडेआठला फळा पुसतात
तेव्हा माझ्या बोटांना अजून लसणाचा वास असतो.

दिवसभर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी पट्ट्या लिहिते : आवक, वजन, अडत, हमाली, तोलाई.
भाव विचारायला फोन येतात
तेव्हा लोकांना एकच आकडा हवा असतो.
एकच असता तर काय हवं होतं.

शाळेत अवकलज म्हणजे नुसता उतार.
हे जरा ढकललं तर ते किती सरकतं, संपलं.
इथे ढकलणारे तीन, सरकणारे तीन.
कांद्याच्या दहा गाड्या जास्त उतरल्या
तर कांदा पडतो, हे कुठलाही हमाल सांगेल.
पण बटाटा? तो का हलला दीड रुपयाने?
आणि लसूण, ज्याला कुणी हातही लावला नाही?
नऊ प्रश्न, म्हणून नऊ उत्तरं,
तीन ओळी, तीन रकाने.
सर म्हणाले, हा अख्खा चौकोन म्हणजे अवकलज.
मी म्हटलं, सर, ही तर आमची खतावणी.

मग आवक ओळीत मांडायची की रकान्यात
यावर अर्धा तास गेला.
एक पुस्तक असं म्हणतं, दुसरं तसं,
दोन्ही बरोबर, फक्त अध्येमध्ये बदलायचं नाही.
मागून इरफान मुकादम म्हणाला,
"म्हणजे घरात चपला कुठे काढायच्या तसं."
सर हसले नाहीत. "तसंच," म्हणाले.

परवा चाचणीत आलं :
एक क्ष आडवा निजलेला, मधे अ मॅट्रिक्स, मग क्ष उभा.
अवकलज काढा.
शाळेतल्या हाताने झटकन लिहिलं, दोन अ क्ष.
क्षचा वर्ग, घात खाली उतरला, झालं.
सरांनी लाल पेनाने विचारलं होतं,
"अ सममित आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही.
मी धरून चालले.

खरं उत्तर : अ, अधिक अ कुशीवर वळवलेला, मग क्ष.
कारण क्ष दोनदा आत शिरतो,
डाव्या दाराने आणि उजव्या दाराने,
आणि दोन दारांतून तीच खोली
एकसारखी दिसेलच असं नाही.

कोपरखैरण्याला माथाडींच्या चाळीत
आमची खोली एकच, बाबांच्या नावावरची.
शरयू, माझी धाकटी, गप्प झाली की माझा घास अडतो.
मी गप्प झाले की ती टीव्हीचा आवाज वाढवते.
मला वाटायचं, जेवढं मला लागतं तेवढंच तिला.
एकच आकडा, दुप्पट केलेला.

त्या रात्री उगीचच विचारलं,
माझ्यामुळे तुझं काय हलतं गं?
ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली,
"तुझा दिवा. दोन वर्षं झाली,
एकपर्यंत वही उघडी असते तुझी.
मला पाचला उठायचं असतं."

त्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं.

आता मी बाहेर पॅसेजमध्ये बसते,
जिन्याच्या बल्बखाली, पाटावर वही.
डास चावतात. वरच्या माळ्यावरचे कदम
चपला वाजवत जाताना विचारतात, परीक्षा कधी?
पुढचं गणित व्यस्ताचं आहे :
अ जरासा हलला तर त्याचा व्यस्त किती हलतो.
हललेलं तेवढं दोन व्यस्तांच्या मधे दाबून बसतं
आणि सगळ्याच्या पुढे ऋण चिन्ह.
डावं उजवीकडे नेलं की चुकलं.
तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा जमलं.

साडेबाराला दार किलकिलं होतं.
शरयू, अर्धवट झोपेत, कासवछाप लावलेली ताटली
माझ्या पायाशी सरकवते
आणि आतून कडी न लावता
दार लोटून घेते.