कर्ता कुठाय

नायगावची पालिका शाळा, तिसरा मजला, खोली अकरा.
सकाळी इथे दुसरीची पोरं बसतात,
रात्री साडेसातला त्यांच्याच बाकांवर
गुडघे पोटाशी घेऊन माझा वर्ग.
लेथवरचा यल्लप्पा, शवागारात ड्युटी करणारा कासारे,
पोळीभाजी केंद्रातली शबाना
आणि मागे, दाराजवळ,
लिंबू चोळूनही हाताचा वास जात नाही म्हणून
दमयंती वैती.

फळ्याच्या कोपऱ्यातला सकाळच्या बाईंचा ससा
मी पुसत नाही.
सशाखाली लिहिते, नाउन.
"एक बांगडा?"
फिश.
"आन टोपलीभर?"
तेही फिश.
"मोजायला कंटाळले वाटतं गोरे."

आर्टिकल मला कधीच शिकवता आलं नाही.
बावीस वर्षं नुसती ए बॉय, द बॉय करत राहिले.
एका मंगळवारी तीच उठून म्हणाली,
"गिऱ्हाईक लांबनं इचारतं, सुरमई हाय का. ती ए.
मंग वाकतं, कल्ले उघडतं, बोट ठेवतं.
ती द.
आता ती दुसऱ्याला इकता येत नाय."
मी खडू खाली ठेवला.

प्रेपोझिशनचं मात्र मी सांगितलं.
आपलं वर, आपलं खाली नामाला चिकटतं
आणि चिकटताना त्याचा चेहराच बदलतं:
मासा, पण माशावर. पाटा, पण पाट्याखाली.
त्यांचं आधीच पुढे उभं असतं, हातभर अंतर राखून,
सोसायटीच्या वॉचमनसारखं,
नाम आत जसंच्या तसं.
कासारे हसला. त्याचा भाऊ वॉचमन आहे.

मार्चमध्ये तिने प्लास्टिकच्या पिशवीतून
एक कागद काढला. कडेला खवला चिकटलेला,
वर गोल शिक्का.
द फिश स्टॉल्स विल बी शिफ्टेड.
पॅसिव्ह व्हॉइस परीक्षेला येणारच होता,
मी वाक्य तसंच फळ्यावर उतरवलं.

क्रियापद?
शिफ्ट, शबाना म्हणाली.
काळ?
काळ म्हटलं की सगळे कासारेकडे बघतात.
भविष्य, तो म्हणाला.
हलवायचं काय?
स्टॉल्स.

"आन कर्ता?"

तो शेवटी येतो, मी म्हणाले, बाय लावून.
नसला तरी वाक्य चालतं.
"चालतं?"
व्याकरणाने बरोबर आहे.
"म्हंजी आमाला हलवनार,
पन हलवनारा कोनीच नाय."

पंखा किरकिरत होता.
राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो,
किती पोरांकडून मी ही वाक्यं उलटी करून घेतली,
आणि शेवटचा राम खोडला तरी
पुरे मार्क दिले.

उत्तर द्यायचं होतं, तेही इंग्रजीत.
कुठल्या काळात लिहू, मी विचारलं.
"सगळ्यांत साधा कुठला?"
सिंपल प्रेझेंट. रोज घडतं त्याचा.
पुस्तकात उदाहरण आहे, सूर्य पूर्वेला उगवतो.
"मंग त्यातच लिवा."

वुई सेल फिश हिअर.
सेलला एस नाही, शबानाने आठवण केली, वुई आहे ना.
दमयंती कागदावर वाकली.
"वुई म्हंजी? आमी का आपन?"
त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द.
"असं?"
तिने पेन माझ्याकडे सरकवलं.
"मंग तुमीपन आलात त्यात, टीचर."

शाळेची नोकरी, पेन्शनला सहा वर्षं,
हे सगळं मनात एकदा म्हणून झालं.
यल्लप्पाने त्याच्या बाकावर जागा करून दिली.
गुडघे पोटाशी घेऊन मी बसले
आणि नाव लिहिलं.
प्रॉपर नाउन. पहिलं अक्षर कॅपिटल.