सदस्य क्रमांक सात

आदेश कन्नडात आला.
शिपायानं वाचून दाखवला:
आरोग्य रक्षा समिती, खानापूर.
सदस्य सात, यल्लुबाई गुंजीकर.

शाल घातली, चहा झाला.
"सही करा की इथं," अध्यक्ष म्हणाले.

मी एकशे आठची नोंदवही मागितली.
पान उलटायला कुणी पुढं आलं नाही.

कणकुंबी. फोन रात्री दोन दहा.
गाडी पोचली चार पाचला.
शेरा: रस्ता.
एवढंच.

दाराशी ड्रायव्हर बसलिंग,
मराठी तोडकं, बोलणं पुरं:
"अक्का, गाडी एकच. दुसरी गणपतीपासून गॅरेजात."

त्या ओळीतलं नाव माझ्या जावेचं,
तेही चुकीचं लिहिलेलं.
मी गप्प बसावी
म्हणून दिलीय ही खुर्ची,
ठाऊक आहे मला.

सही अजून केली नाही.
पेनही परत दिलेलं नाही.