घ की ध

पेडण्याच्या प्रशिक्षणात
हाती एक कागद दिला,
मुद्दाम विस्कटलेली अक्षरं.
म्हणाले, वाचा मोठ्यानं.
बावीस वर्षं शिकवतेय मी,
तिसऱ्याच शब्दाला घाम फुटला.
मागून कुणी हसलं.
ते हसू ओळखीचं होतं,
चौथीच्या वर्गातलं,
माझंच.

आगरवाड्याच्या प्रजोतच्या वहीत
लाल शाईनं किती वेळा लिहिलं होतं
'निष्काळजी'.

सोमवारी म्हटलं, वही राहू दे, तोंडी सांग,
बाष्पीभवन म्हणजे काय?
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"मिठागरात खारं पाणी कोंडायचं.
ऊन ते पिऊन जातं,
मीठ तेवढं घेववत नाही त्याला."

उत्तर मीच उतरवून घेतलं, त्याच्याच शब्दांत.
तो वाकून बराच वेळ पाहत राहिला.
"बाई, हा घ की ध?"

मलाही नीट बघावं लागलं.