सात नंबर

हिंगण्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात
मी स्टोअर सांभाळतो.
माझ्याकडे माणसं येतात
ती हात पुढे करूनच.

वैशाख. पत्रा तापलेला,
कूलरमध्ये पाणी कमी, आवाज जास्त.
इतवारीतला सप्लायर नमुने मांडून बसलेला :
निळे, काळे, केशरी हातमोजे,
टेबलभर नुसती बोटंच बोटं.
"हा घ्या साहेब. सगळ्याले चालते."

पराते फोरमनचा डावा हात आठवला.
भिजून वाळलेल्या कागदासारखी कातडी.
त्या दिवशी त्यांनी मोजे घातले नव्हते असं नाही.
घातले होते.
चुकीचे होते.

मी निळ्या मोज्यात दोन पेले अ‍ॅसिटोन ओतलं,
मनगट सुतळीनं आवळलं
आणि बाहेर नेऊन कडुलिंबाला टांगलं.
लिंबोळ्यांच्या घोसात एक निळा पंजा.
सप्लायरला चहा दिला. घड्याळ बघत उभा राहिलो.
चौथ्या मिनिटाला करंगळी फुगली.
सहाव्याला वास आला.
"पण फाटला कुठं जी?" तो म्हणाला.
हेच तर.
फाटत नाही. दिसत नाही.
आत हात कोरडाच वाटतो, आणि पाहुणा घरात शिरलेला असतो.

मग जाड काळा टांगला.
तास गेला, सप्लायरचा दुसरा चहा गेला,
काळा ढिम्म.
पण त्यालाच टोल्यूइनपुढे बसवा, तोही पाघळतो.
माणसासारखंच आहे त्याचं,
कुणापुढे टिकेल हे आधी विचारावं लागतं.

मुखवट्यांचं तसंच.
तपकिरी डबी थिनरच्या वाफेला, हिरवी अमोनियाला,
पिवळी आम्लाच्या वायूला.
रंग पाठ असले तरी
हंसराज मेश्रामची दाढी कुठल्या तक्त्यात बसवू?
लग्न वीस दिवसांवर, फोटो काढायचे,
आणि रबराच्या काठाखालून, त्या केसांमधून
वास असा जातो, जशी दाराखालून मुंगी.
"कोरून ठेवतो ना," म्हणाला.
"साफ," मी म्हणालो.
तीन दिवस त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.
चौथ्या दिवशी गुळगुळीत गाल घेऊन आला,
मुखवटा लावला, श्वास ओढला,
रबर गालाला घट्ट चिकटलं.
तरी बोलला नाही.

अंगभर एप्रन, त्यावर शेहेचाळीस डिग्री.
मागणीपत्रात घामाचा रकाना नाही.
म्हणून शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली :
ताक, वीस माणसांना, रोज.
हे कोणत्या मानकात बसतं,
असं अकाउंट्सनं लाल पेनानं विचारलंय.

आणि दुर्पता उईके.
ड्रम धुण्याकडे, दोन वर्षं.
रजिस्टरात दर महिन्याला तिची सही : मोजे मिळाले.
मिळाले, दहा नंबरचे.
बोटांची टोकं रिकामी लोंबतात,
झाकणाची चूड धरता येत नाही,
म्हणून उजवा काढून ती खिशात ठेवते.
दोन वर्षं मी ती सही बघत होतो.

"किती नंबरच्या बांगड्या भरता?"
"सव्वादोन. सणाले दोनच्याबी चढते."
बांगडीवाल्याला कळलं असतं. मला नाही.
शिंप्याची टेप आणली.
अंगठा सोडून, तळव्याभोवती.
तिनं हात असा धरला
जसा कुणी पहिल्यांदाच मागितला असावा.
सात.

"सात नाही ठेवत आम्ही," सप्लायर म्हणाला.
"बायका कुठं घालते जी हे?"
ती समोरच उभी होती.
तिनं मूठ मिटली, उघडली.

मी लिहिलं : काळे, सात नंबर, बारा जोड.
माल यायला तीन आठवडे.
तोवर ड्रमच्या यादीतून तिचं नाव खोडलं,
ते तिच्या देखतच खोडलं,
मला वाटलं, बरं वाटेल तिला.

"तोवर ओव्हरटाइम?"
तिनं विचारलं.

बाहेर निळा पंजा आता रिकामा, सुरकुतलेला
फांदीवर हलत होता.
मी टेप गुंडाळत राहिलो.