इतर

डलूथच्या काउंटी इमारतीत, तळघरात,
बॉयलरशेजारच्या खोलीत लोइस हाक्काला बसते.
टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या, आणि एक भिंग.
भिंगातून तिने माझा जुना कागद पाहिला,
चोविसाव्या रकान्यावर बोट ठेवलं.
सेवेचं स्वरूप: सन्मान्य सोडून इतर.

इतर.
सगळ्या अर्जांत हा शब्द शेवटी असतो.
धर्म, भाषा, घरात कोण कोण राहतं,
सगळं विचारून झालं की उरल्यासुरल्यांसाठी एक चौकोन.
पंधरा वर्षं मी त्या चौकोनात राहतोय,
भाडं वेळेवर भरतो.

"कशाला हवंय बदलून?"
कान वाजतात, म्हटलं. सैनिकी दवाखाना मिळेल.
हे खरं होतं. अर्धं.
"मुदतीला अकरा दिवस आहेत, रेन्डल. लिही."

पहिला मसुदा गोदीवर लिहिला,
खनिजाच्या जहाजाची वाट बघत, हातमोजा दातात धरून.
जे झालं ते युद्धामुळे झालं, असं लिहिलं.
वाचून पाहिलं तर दुसऱ्याच कुणाचं वाटलं,
कुणा शहाण्या दुःखी माणसाचं,
ज्याचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसामुळे उगवतो.

खरं असं, की चौतीस दिवस मी गैरहजर होतो,
आणि त्यातले एकोणतीस सलायना नावाच्या गावात,
महामार्गालगतच्या मोटेलात,
टीव्हीवर हवामान बघत.
जिथे मी नव्हतो त्या शहरांचं हवामान.
बॉइसीत ढग. टँपात गडगडाट.
प्रूएट गेला तो त्याआधी सात आठवडे.
दोन्हींचा संबंध आहे का?
लोइस म्हणते, आहे. मंडळाला संबंध लागतो.
असेल. रात्री दोनला तो असतो,
सकाळी सापडत नाही.

आणि दात.
मला परत आणलं त्या दिवशी सार्जंट किहादा
एवढंच म्हणाला, "बूट कुठेत तुझे?"
आणि मी त्याचा पुढचा दात पाडला.
हे कशामुळे, ते कुठल्याच रकान्यात मावत नाही.
पुरवणी जोडा, असं खाली बारीक अक्षरात छापलंय.

"साक्ष कुणाची?"
देऊ शकले असते ते एक तर जमिनीखाली,
नाहीतर नंबर बदललेले.
उरला किहादा.
नंबर शोधायला तीन दिवस, फोन लावायला चार.
एल पासोत तो आता शाळेची बस चालवतो.
मी नाव सांगितलं. पलीकडे नुसती इंडिकेटरची टिकटिक.
मग म्हणाला, "पत्ता दे."
आणि ठेवला.

दहाव्या दिवशी पत्र. पिवळा कागद, पाच वाक्यं.
रेन्डल ऑस्गारला मी ओळखतो.
काम चोख करायचा.
कालव्यापलीकडून प्रूएटला त्यानेच उचलून आणलं.
आम्ही सगळे नको म्हणत होतो.
दाताचं म्हणाल, तर तो आधीपासून हलत होता.

हलत नव्हता.
माझ्या मुठीला माहीत आहे.
मधल्या बोटाच्या पेरावर अजून पांढरी रेघ आहे,
नोव्हेंबरात बाकीच्या हाताच्या आधी ती दुखते.

त्या रात्री पुरवणीच्या तळाशी
पेनाने एक ओळ वाढवली: दात पक्का होता.

लोइसने भिंगातून ती दोनदा वाचली.
"हात दाखवून अवलक्षण आहे हे."
आहे, म्हटलं.
"त्याचं पत्र काढून घ्यायचं का मग?"
नको. दोन्ही जाऊ देत.
एकाच टाचणीत.

तिने एक गोळी तोंडात टाकली, एक माझ्याकडे सरकवली,
शिक्का शाईवर दाबला, कागदावर मारला.
निकालाला दीड वर्ष, कदाचित दोन.
पावतीवर नाव बरोबर होतं.
तारीख उद्याची पडली होती.
तेवढी मी तिथेच उभं राहून
दुरुस्त करून घेतली.