कण्हेरीच्या कुंडीत

बाकीझियो आजोबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
पहिल्यांदाच विमानात बसायला निघाले,
पणतीच्या बाप्तिस्म्याला, तोरिनोला.

ट्रेमध्ये पट्टा, सुट्टी नाणी, जपमाळ
आणि एडक्याच्या शिंगाची मूठ,
हाताळून हाताळून मधाच्या रंगाची झालेली.

पोरसवदा शिपायानं अंगठ्यानं पातं उघडलं.
खटका नाही, स्प्रिंग नाही.
एका खिळ्याच्या भरवशावर
मर्टलच्या पानासारखं ते अलगद बाहेर आलं.
मेंढीच्या चीजचा वास.
"पात्तादाचा?" त्यानं हळूच विचारलं.
"मग आणखी कुठला?"
"माझ्या बापाकडंही आहे," म्हणाला,
आणि मान हलवली: नाही जमायचं.

आजोबा रांग सोडून बाहेर आले.
दारातल्या कण्हेरीच्या कुंडीत
रुमालात गुंडाळून चाकू पुरला,
चोरासारखं इकडंतिकडं बघत.

तोरिनोत सगळं आधीच कापलेलं.
ब्रेड कापलेला, चीज कापलेलं,
बशीत सफरचंदाच्या फोडी.
चार दिवस उजवा हात खिशात जायचा
आणि कुलूप बघून परतलेल्या पाहुण्यासारखा
मांडीवर येऊन बसायचा.
"काही हरवलंय का?" नातसुनेनं विचारलं.
"नाही. ओल्बियात आहे. कुंडीत."

परतल्यावर नखांनी माती उकरली.
सांध्यात दोन खडे अडकलेले.
फुंकर मारली, पातं पँटवर पुसलं,
आणि कोटातून काढलं ते सफरचंद
जे तिकडं कुणाला कापू दिलं नव्हतं.

बसला अजून तासभर होता.
साल निघत गेली, एकसलग,
पार गुडघ्यापर्यंत.