लायलॅकची फासळी

पावणेदोन हात लांब.
डावी कूस फळ्यांनी मढवलेली,
तोफांच्या खिडक्यांना लाल चौकटी;
उजवी मात्र उघडीच ठेवलेली,
गोदीतल्या नव्या पोरांना कळावं
कणा कुठे संपतो
आणि नाळ कुठून वर वळते.

कार्ल्सक्रूनात फेब्रुवारी. बंदर गोठलंय.
मी, तूरून हालबेक, तिसऱ्या मजल्यावर
कापसाचा बोळा थुंकीने भिजवून
अडीचशे वर्षांची काजळी पुसते आहे.
थुंकीच. आमच्या धंद्यात तिला अजून तोड नाही.

सत्तेचाळीस फासळ्या.
एकेकीच्या बगलेत दाताच्या डॉक्टरचा आरसा घालायचा
आणि मोजत जायचं.
सगळ्या नासपतीच्या, मधाच्या रंगाच्या,
एकविसावी सोडून.
ती जांभळट. रेषा दाट.
बोटाखाली जरा हट्टी.

दुपारी गोदीच्या वहीत नोंद सापडली,
ओल लागून फुगलेल्या पानावर:
सुतार यूएन ब्रास्क. एक फासळी वाफेवर तडकली.
सरकारी लाकूड पुन्हा मिळणार नाही.
दोन दिवसांची मजुरी कापावी.
पुढे काही नाही. लायलॅकचं नाव नाही.

म्हणजे तो घरी गेला असणार.
उतारावरच्या दोन खोल्या, दाराशी झुडूप,
हिवाळ्यात नुसत्या काटक्या.
तो करवत घेऊन बाहेर पडला
तेव्हा बायको काय म्हणाली असेल?
त्यानं बर्फ झटकून एकेक फांदी चाचपली असेल,
हवी तेवढीच वळलेली मिळेपर्यंत,
वाफेशिवाय वळलेली,
समुद्रावरच्या वाऱ्यानं वळवलेली.

खरं जहाज याच मापांवर बांधलं, अठ्ठेचाळीसपट.
हजारावर ओक पडले.
ते फिनलंडच्या आखातात जळालं.
माणसं किती, ते दुसऱ्या वहीत आहे.
ती वही मी मागवली नाही.

हे मात्र पाण्यात उतरलंच नाही.
उतरतं तर उघड्या कुशीनं
घोटभरात बुडतं.

फोल्के म्हणतो, एकविसावीला थोडा रंग दे,
काचेमागे डोळ्यांत खुपते.
म्हटलं, बघते. अहवालात 'लाकूड' या रकान्यात
'नासपती' लिहिलं,
मग स्वल्पविराम दिला,
आणि पेन तसंच धरून बसले.

सगळे गेल्यावर दिवा खाली ओढून
त्या फासळीला नाक लावलं.
वास कशाचा येणार?
सरसाचा, धुळीचा, माझ्याच थुंकीचा.
पुन्हा लावलं.